स्मृतिभ्रंश कोणाचा?



गेल्या माघात माणगावच्या बाजूला एका गावी सप्ताह होता. कीर्तन मी आता करीत नाही, दम पुरत नाही. म्हणून दुपारचे प्रवचन माझ्याकडे दिले होते. आरती झाली, मंडळी प्रसादाला वळली, तरी एक पन्नाशीचे गृहस्थ मंडपाच्या खांबापाशी थांबून राहिले. गळ्यात माळ, हातात कापडी पिशवी, पिशवीतून दवाखान्याचे कागद डोकावत होते. म्हणाले, "महाराज, आई सगळं विसरते. मलासुद्धा ओळखत नाही. तीन दवाखाने झाले. भावकी म्हणते, तिचं प्रारब्ध आहे, भोगून संपू दे, कशाला फिरवतोस? पण मला झोप लागत नाही ती वेगळ्याच गोष्टीनं. आईनं साठ वर्षं नाम घेतलं. अंतकाळी तिला ते आठवलंच नाही तर?"

मी त्यांना काहीतरी गुळमुळीत सांगितले. पांडुरंग बघून घेईल, अशा अर्थाचे. ते नमस्कार करून गेले. नीट उत्तर द्यायचे तर मला माझ्या घरातली गोष्ट सांगावी लागली असती, आणि ती त्या मंडपात तोंडातून निघेना. माउली, ती आज तुम्हांला सांगतो. त्या गृहस्थांच्या वाचनात हा अंक आला तर त्यांचे उत्तरही त्यातच आहे.

आमचे गाव हरिहरेश्वर. आधी काळभैरवाचे दर्शन, मग हरिहरेश्वराचे, मग पुन्हा काळभैरवाचे, असा इथला क्रम आहे. त्यानंतर डोंगरातून पायऱ्या उतरून समुद्राच्या काठाकाठाने प्रदक्षिणा. ही वाट ओहोटीलाच मोकळी असते. भरतीला लाटा खडकावर येतात आणि पाय ठेवायला जागा राहत नाही. भरती तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. एकादशीला अकराची पाऊणपट सव्वाआठ. म्हणजे सव्वाआठला भरती आणि दोन-सव्वादोनला ओहोटी. आमच्या घरच्या दोन खोल्या आम्ही यात्रेकरूंना देतो. स्वयंपाक हिचा. ही म्हणजे माझी धर्मपत्नी. चौथीपर्यंत शिकलेली, पण यात्रेकरूने "प्रदक्षिणा कधी करू?" असे विचारले की मोदकाची पारी वळतावळता वेळ सांगायची. पंचांग बघावे लागले नाही कधी.

२०२१ साली एका एकादशीला देशावरचे एक कुटुंब उतरले होते. सकाळी आठ वाजता हिने त्यांना सांगितले, "आत्ताच जा, पाणी उतरलंय." अर्ध्या वाटेवर त्यांना लाटेने गाठले. भिजून, घाबरून परत आले. त्यांच्यातल्या आजोबांचा गुडघा खडकावर सोलवटला होता. मी त्या परक्या माणसांसमोर हिला नको ते बोललो. ही म्हणाली, "मी कुठं सांगितलं? मी तर सकाळपासून चुलीपाशी." मला वाटले, खोटे बोलते आहे. सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात ही माझ्याशी खोटे बोलल्याचे एकही उदाहरण मला आठवत नव्हते, तरी मला तसेच वाटले.

त्या संध्याकाळी मी मुद्दाम कान देऊन हिचा हरिपाठ ऐकला. एक अक्षर चुकले नाही, चाल सुटली नाही. मी मनाशी ठरवून टाकले की स्मरणशक्ती शाबूत आहे, बिघडला आहे तो स्वभाव. या निष्कर्षावर मी दोन वर्षे बसून राहिलो.

आता यात माझे काय चुकले ते पाहा. विष्णुबुवा जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथे मी चार वर्षे काढली आहेत. तिथे आम्हांला पाठांतराचे बाळकडू मिळाले. माणसाच्या स्मृतीचे माप आम्ही पाठांतरानेच घेतो: किती अभंग पाठ, किती ओव्या पाठ. पुढे मुंबईच्या डॉक्टरांनाही मी मोठ्या अभिमानाने सांगितले, "हिला अख्खा हरिपाठ येतो हो." डॉक्टर तरुण होते. हसले नाहीत. म्हणाले, "बाबा, लहानपणापासून रोज घोटलेलं सगळ्यात शेवटी जातं. आज सकाळी काय झालं, ते आधी जातं. हरिपाठ येतो म्हणून आजार नाही, असं धरू नका." मग त्यांनी हिला कागदावर घड्याळ काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटे दाखवायला सांगितले. समुद्राची वेळ बोटांवर काढणाऱ्या बाईने गोल काढला आणि सगळे आकडे एकाच बाजूला गर्दी करून लिहिले. मी खिडकीकडे पाहत राहिलो.

त्याआधीही खुणा होत्या. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आले, ते आमच्या या श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावरच. सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. त्यानंतर ही घरामागे विहिरीची वाट शोधत उभी राहायची. मी म्हणायचो, झाडे गेली, खुणा गेल्या, कोणीही चुकेल. वादळाचा धक्का आहे, ओसरेल. निमित्ताला तोटा नसतो.

आपल्या भाषेत या रोगाला स्मृतिभ्रंश म्हणतात. शब्द गीतेतला आहे. दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी अधःपाताच्या पायऱ्या सांगितल्या आहेत: क्रोधातून संमोह, संमोहातून स्मृतिभ्रंश, त्यातून बुद्धिनाश. त्यावर मी किती निरूपणे केली असतील! पण त्या एकादशीला त्या पायऱ्या उतरला कोण? हिला क्रोध आला नव्हता. हिची स्मृती मेंदूच्या विकाराने जात होती. अशा विकाराचा पहिला रुग्ण म्हणून जी बाई ओळखली जाते तिला जर्मनीतल्या आल्झायमर नावाच्या डॉक्टरांनी १९०१ साली तपासले होते. क्रोध मला आला. संमोह मला झाला. समोर कोण उभे आहे, तिने माझ्यासाठी काय काय केले आहे, याचा विसर मला पडला. गीतेतला स्मृतिभ्रंश माझा होता, आणि माझा मेंदू तर धडधाकट होता. त्याला औषधाचे निमित्त नाही.

पंधराव्या अध्यायात भगवंत म्हणतात की स्मृती, ज्ञान आणि त्यांचे अपोहनही माझ्यापासूनच. अपोहनाचे अर्थ टीकाकारांनी निरनिराळे लावले आहेत. मला त्यातून एवढेच घ्यायचे आहे की विसरणे हा भक्तीतला उणेपणा नव्हे आणि पापाचे फळ म्हणून कोणी कोणाच्या माथी मारायची गोष्टही नव्हे.

आता भावकीच्या प्रारब्धाकडे वळतो. पालखीबरोबर दवाखान्याच्या गाड्या असतात. पायाला फोड आला की आपण तिथे रांग लावतो, मलम घेतो, पट्टी बांधतो आणि पुढे चालतो. त्या रांगेत कोणी कोणाला प्रारब्ध सांगत नाही. मग पायाला एक न्याय आणि मेंदूला दुसरा, हे कुठले शास्त्र? प्रारब्धाचा सिद्धांत मी नाकारीत नाही. पण तो स्वतःचे दुःख सोसताना स्वतःला सांगायचा आहे. दुसऱ्याच्या दुःखाला लावला की त्याची सबब होते.

आणि दवाखान्यात नेल्यावाचून हे प्रारब्ध आहे की बी-१२ ची कमतरता, हे कळणार तरी कसे? माळकऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. बी-१२ हे जीवनसत्त्व मुख्यतः प्राणिज पदार्थांतून मिळते; आपण शाकाहारी, त्यात म्हातारपणी दूधही कमी होते. त्याच्या कमतरतेनेही विसराळूपणा येतो, आणि ती इंजेक्शनांनी, गोळ्यांनी भरून निघते. थायरॉईडचा बिघाड, मनाची उदासी, काही झोपेच्या गोळ्या, लघवीतला संसर्ग, पडून डोक्याला मार लागून आत साचलेले रक्त, यांनीही माणूस भ्रमिष्टासारखा वागू शकतो, आणि यांवर उपाय आहेत. म्हणून डॉक्टर आधी रक्त तपासतात, मग मेंदूचे स्कॅन करतात. हिचे बी-१२ फार उतरलेले निघाले. इंजेक्शने झाली, थोडी हुशारी आली. मूळ रोग मात्र राहिला. त्याच्या गोळ्या काही काळ आधार देतात, रोग बरा करीत नाहीत. हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

पण त्या डॉक्टरांपर्यंत पोचायला आम्हांला दीड वर्ष लागले. पहिल्या डॉक्टरांनी तपासलेच नाही. "वय झालं, बाबा," म्हणाले आणि ताकदीच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्यांनी हिला विचारले, "आज वार कोणता?" ही म्हणाली, "डॉक्टर तुम्ही, तुम्हीच सांगा." सगळे हसले आणि तपासणी तिथेच संपली. या रोगातली माणसे असे बेमालूम निभावून नेतात. पाच मिनिटांत काही कळत नाही. कोणी बाहेरचे बघायला सांगितले. तेवढे मात्र मी केले नाही, संतांनी आपल्याला त्यातून कधीच सोडवले आहे. तिसऱ्या डॉक्टरांनी अलिबागला मनोविकारतज्ज्ञांकडे जायला सांगितले, आणि मी चिठ्ठी घडी करून कोनाड्यात ठेवून दिली. बुवांच्या बायकोला वेड लागले असे लोक म्हणतील! सहा महिने ती चिठ्ठी कोनाड्यात होती. यात सरकारचा दोष नाही, रस्त्याचा दोष नाही. दोष माझ्या अब्रूचा.

चिठ्ठी सापडली ती डोंबिवलीहून आलेल्या सूनबाईंना. त्या मला काही बोलल्या नाहीत. दोनशे पानी वही आणली आणि रोजचे लिहायला बसल्या: आज आईंनी दुधात मीठ घातले, आज रात्री दोनदा दार उघडले, आज मला माझेच नाव विचारले. तीन आठवड्यांची ती वही घेऊन आम्ही मुंबईला गेलो. इथून मुंबई दोनशे किलोमीटर, आणि मुंबई-गोवा रस्त्याचे काम २०११ पासून चाललेले. त्या खड्ड्यांत भांबावलेल्या माणसाला घेऊन बसणे ही एक परीक्षाच आहे. मोठ्या रुग्णालयात केसपेपरची रांग, मग डॉक्टरांची, मग रक्ताची, मग स्कॅनची तारीख, मग त्या तारखेला पुन्हा प्रवास. डॉक्टरांनी हिच्याशी दहा मिनिटे बोलून झाल्यावर वही मागून घेतली आणि शेवटपर्यंत वाचली. म्हणाले, "हे कोणी लिहिलं?" निम्मे निदान त्या वहीत होते.

आता अंतकाळाचा प्रश्न. हा खरा. बाकीचे प्रश्न दवाखान्यातले आहेत, हा आपल्या गाभ्यातला आहे. गीतेच्या आठव्या अध्यायापासून आपण हेच ऐकत आलो की अंती जी मती तशी गती. आणि अंतकाळी आठवावे म्हणून तर जन्मभर नाम घोटायचे. मग घोटलेलेच पुसले गेले तर? मी रात्र-रात्र याच्याशी झगडलो आहे. मला ज्याने आधार दिला तो एक वराहावतारातला श्लोक आहे. श्रीवैष्णव मंडळी त्याला चरमश्लोक मानतात. वराहरूपी भगवंत भूदेवीला आश्वासन देतात. आशय असा: शरीर निरोगी आणि मन स्वस्थ असताना ज्याने माझे चिंतन केले, तो पुढे मरणकाळी लाकडा-दगडासारखा निश्चेष्ट पडला, त्याला माझी आठवण करता आली नाही, तरी मी त्याची आठवण ठेवतो आणि त्याला नेतो.

पाहा, इथे आठवण ठेवणाराच बदलला. भक्ताच्या वाट्याचे काम देवाने आपल्याकडे घेतले. त्या गृहस्थांना मी हेच सांगायला हवे होते की तुमच्या आईची साठ वर्षे जमा आहेत. आठवायचे तिचे काम आता संपले.

पण देवाने आठवण ठेवली म्हणून रात्री आठची गोळी कोण लक्षात ठेवणार? गॅस बंद केला का, हे कोण पाहणार? हिला वांगे सोसत नाही, हिला अंधाराची भीती वाटते, हिच्या आईचे नाव काय होते, हे हिच्या वतीने कोण आठवणार? ते घरच्यांनीच. सूनबाईंच्या वहीला मी आता पोथीच्या शेजारी ठेवतो. कोणी हसले तर हसो.

इथे पुंडलिकाविषयी बोलणे भाग आहे. देव दाराशी आला तरी आईबापांची सेवा सोडली नाही, वीट फेकली, देव उभा राहिला. हे मी चाळीस वर्षे गावोगाव सांगितले आणि ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांतून पाणी काढले. त्यांतली सहा वर्षे माझी स्वतःची आई घरात अशीच होती. तेव्हा आम्ही त्याला म्हातारचळ म्हणायचो. आई रात्री उठून चूल पेटवायची, अंथरुणात घाण करायची, हिला चोर म्हणायची. मी पुंडलिक सांगायला बाहेर असायचो, आणि घरी पुंडलिक ही होती. मी सप्ताहाहून परत यायचो तेव्हा आईचे लुगडे धुऊन दांडीवर असायचे आणि जेवण गरम असायचे. या चरित्रात सुनेला जागा नाही, हे मला एकदाही खटकले नाही. आता हिचे करताना कळते. पहिल्या महिन्यात दिवसातून चार वेळा कपडे बदलताना मी रडलो आहे, ते प्रेमाने नव्हे, थकव्याने आणि किळसेने. हिने ते सहा वर्षे केले आणि वर माझ्या कीर्तनाच्या उपरण्याला इस्त्रीही केली.

म्हणून घरच्या कर्त्या पुरुषांना हात जोडून सांगतो, सेवा एकाच बाईच्या अंगावर टाकून तिला पुण्यवान म्हणू नका. वाटून घ्या. एकाने कागद सांभाळावेत, एकाने रात्र, एकाने पैसे. पैशाचेही बोलून टाकतो. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरीपुढच्या सर्वांना आयुष्मान कार्ड मिळते, वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत. पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर कामी येते. या रोगाचा खर्च बहुतेक घरातला: गोळ्या, गाडीभाडे आणि एका माणसाचा आख्खा दिवस. बँकेचे व्यवहार सही करता येते तोवरच मार्गी लावा, आणि रोग्याच्या समजुतीने, फसवून नव्हे. मुखत्यारपत्र केले की झाले असे पुष्कळांना वाटते. पण करून देणाऱ्याची समज गेली की साधे मुखत्यारपत्र कायद्याने उरत नाही. मग पालक नेमून घ्यायला कोर्टाची पायरी चढावी लागते. वेळेवर वकिलाला विचारा.

बाहेर ठेवणे पाप आहे का, असे पुष्कळजण दबक्या आवाजात विचारतात. मुंबई-पुण्याकडे अशा रोग्यांना दिवसा सांभाळणारी केंद्रे आहेत, राहायची ठिकाणेही आहेत. आमच्या गावाहून रोज नेणे-आणणे होणार नाही म्हणून आमच्यापुढे तो प्रश्न आला नाही. ज्यांच्यापुढे आहे त्यांना मी पापी म्हणणार नाही. नीट पाहून ठेवले आणि जाणे-येणे राखले तर तीही सेवा आहे. चार लोकांत शोभावे म्हणून घरात ठेवायचे आणि मागल्या खोलीत खाटेला बांधायचे, याला मात्र माझ्याकडे दुसरा शब्द नाही.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीत साठीपुढच्या शंभरांत सात-आठ जणांना हा विकार असल्याचा अंदाज निघाला. देशात सुमारे ८८ लाख माणसे. साठीपुढच्या शंभर वारकऱ्यांची दिंडी धरा, तिच्यात सात-आठ. आषाढीला पंढरपुरात कर्ण्यावरून दिवसभर हरवलेल्या म्हाताऱ्यांची नावे पुकारतात. आपण म्हणतो, गर्दीत चुकले. त्यांतले किती गर्दीत चुकले आणि किती आधीपासूनच चुकत होते, हे दिंडीचालकांनी एकदा मनाशी विचारावे. निघण्याआधी अशा माणसाच्या सदऱ्याला, लुगड्याच्या पदराला आतून एक पट्टी शिवावी: नाव, गाव, घरचा फोन. पाच मिनिटांचे काम आहे.

ही कधीकधी मला विचारते, "आमची आई आली का हो?" हिची आई जाऊन तीस वर्षे झाली. सुरुवातीला मी सत्य म्हणून सांगायचो, आई गेली. दर वेळी ही नव्याने पोरकी व्हायची, नव्याने हंबरडा फोडायची, आणि तासाभराने पुन्हा तेच विचारायची. आता मी विचारतो, "तुझी आई तांदळाची भाकरी कशी करायची गं?" मग ही सांगत बसते. खोटे बोलणे मला जमत नाही, आणि ते सत्यही पुन्हा सांगवत नाही. यात दोष असेल तर जाणत्यांनी कळवावे.

तर त्या खांबापाशी उभ्या राहिलेल्या गृहस्थांना: तुमचे नाव विचारायचे माझ्याकडून राहिले. भावकीचे ऐकून दवाखाना सोडू नका. आईचे सगळे कागद तारखेच्या क्रमाने लावा, वर एका पानावर तिच्या चालू गोळ्या लिहा, आणि रोजच्या वहीला आजच सुरुवात करा. जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञांना दाखवा, लाजू नका. मी लाजलो आणि सहा महिने घालवले. एकटे वाटले तर १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा सरकारी फोन आहे, आणि १४४१६ हा मनाच्या दुखण्यांसाठी. दुसऱ्यावर तुम्ही स्वतःसाठीही बोला, मी बोललो आहे. आणि संध्याकाळी आईपाशी बसून हरिपाठ म्हणा. अजून येत असेल तर त्या तुमच्या पुढे जातील. अलीकडे ही मधल्या एका अभंगापाशी थांबते आणि माझ्या तोंडाकडे पाहते. मी पुढचे चरण उचलून देतो, मग पुन्हा लागते.

येत्या मंगळवारी आमची मुंबईची तारीख आहे. पहाटेच्या गाडीने निघायचे आहे. वही पिशवीत घातली आहे.